नमुन्याबरहुकूम

धाकटीने परदेशातून रिबीन मागवायचं ठरवलं, तेव्हा दादा इतका हसला की त्याला ठसका लागला.

"तू? इंपोर्ट? अगं, कोपऱ्यावरून टाचण्या आणायला सांगितलं तर सेफ्टी पिना घेऊन येतेस तू!"

"तेव्हा मी शाळेत होते. आणि दुकानवाल्याकडे टाचण्या संपल्या होत्या," धाकटी म्हणाली. "हसून झालं असेल तर सही कर."

सही हवी होती, कारण दुकान दोघांच्या नावावर होतं. दुकान आईचं. बोळासारखं अरुंद, एका बाजूला काचेची कपाटं, दुसऱ्या बाजूला लांबच लांब टेबल. खोकी, रंगीत कागद, रिबिनी असा सगळा बांधाबांधीचा माल. आई गेली त्याला वर्ष होत आलं होतं, आणि शेजारचा मोबाइल दुरुस्तीवाला जागेसाठी दादाच्या मागे हात धुऊन लागला होता. दादाने सही केली, पण वर बजावलं, "ही एक ऑर्डर फसली, की शटर खाली. मग रडायचं नाही."

"ठरलं," धाकटी त्याचं वाक्य संपायच्या आतच म्हणाली. अशीच होती ती. नको म्हटलं की तिच्या अंगात यायचं.

खरं तर दुसरा इलाजही नव्हता. डाळिंबी साटीन आणि तिला काळी बारीक किनार, ही त्या दुकानाची ओळख. ती विणणारी गिरणी बंद पडली होती. बाकीचे व्यापारी आणायचे ते टोमॅटोसारखं लाल, नाहीतर विटेसारखं. आणि आता चॉकलेटवालीने नव्या डब्यांसाठी नेमकी तीच रिबीन मागितली होती, डब्यांवर बांधून. अट एकच. झाकणाच्या डाव्या कोपऱ्यात तिचं नाव उठवलेलं होतं, ते झाकायचं नाही. रिबिनीच्या बोची टोकं उजवीकडे पडली पाहिजेत.

कारखाना सापडला. तिथल्या बाईने मेलवर रुंदी विचारली, किनार विचारली, रंगाच्या शेडचा नंबर विचारला. शेडला नंबर असतो हे धाकटीला तेव्हा कळलं! त्यापेक्षा नमुनाच पाठवू म्हणून ती शोधायला लागली, तर दुकानात जुन्या रिबिनीचा एकच तुकडा उरला होता. शोकेसमधल्या रिकाम्या डब्यावर आईने बांधलेला शेवटचा बो.

आई डावखुरी. तिचा बो सगळ्या जगाच्या उलटा पडायचा, टोकं डावीकडे. बांधून झाला की ती अंगठा जिभेला लावून गाठीवर दाबायची. मग ती गाठ जन्मात हलायची नाही. धाकटीने बांधलेला बो मात्र आई न बोलता सोडायची आणि परत आपल्या पद्धतीने बांधायची, गिऱ्हाइकासमोरसुद्धा. धाकटीच्या गाठीवर तिचा अंगठा कधी म्हणजे कधीच पडला नाही. या गोष्टीचा धाकटीला आयुष्यभर राग होता, आणि आई गेल्यावरही तो तसूभर कमी झाला नव्हता.

तिने तो बो सोडला, इस्त्री केली, अर्धा तुकडा कापून कुरियरने धाडला आणि अर्धा गल्ल्याशेजारच्या खणात ठेवला. सोबत ठसक्यात लिहिलं, नमुन्यात जे जे आहे ते सगळं जसंच्या तसं हवं.

कस्टममधून माल सोडवून देणारा एजंट हे वाचून पोट धरून हसला. "ताई, रंग जुळवा, रुंदी जुळवा असं लिहायचं असतं. 'सगळं' असं कुणी लिहितं का? सगळ्यात काय काय येतं, तुम्हाला तरी माहीत आहे का?"

"फसवाफसवी नको म्हणून लिहिलं," धाकटी म्हणाली.

मंजुरीसाठी वारभर रिबीन आली. रंग असा जुळला होता की जुना तुकडा शेजारी ठेवला तरी ओळखू येईना. फक्त मधोमध एक चुणी होती. गाठ सोडल्यावर राहते तशी. धाकटीने इस्त्री फिरवली, चुणी गेली. जेवून येऊन बघते तर परत होती. तिने फोटो काढून पाठवला. फोटोत रिबीन सपाट दिसत होती. कारखान्यातल्या बाईने अदबीने कळवलं, आमच्याकडून निघाली तेव्हा कोरी होती, तुम्ही बांधून पाहिली असेल.

धाकटीने ती बांधली नव्हती. पण चुणीपायी ऑर्डर सोडायची तर दादाला काय सांगणार? तिने मंजुरी देऊन टाकली.

माल वेळेवर आला. रिळं कोरी होती, चुणी कुठेही नव्हती. दादासुद्धा एक रीळ हातात घेऊन म्हणाला, "च्यायला, जमवलंस की!"

"मग! वाटलं काय तुला?"

ती बांधायला बसली. पहिला बो तिच्या सवयीने उजवीकडे घेतला आणि बोटं सोडली. साटीन थोडं डावीकडे सरकलं. नवी रिबीन, सरकतेच, असं म्हणून तिने दुसरा डबा घेतला. दुसऱ्यालाही रिबीन बोटांत वळली, डावीकडे. जोर करून नाही. कुणी हात धरून नीट शिकवावं तशी, सावकाश.

तिने दातओठ खात सगळे डबे बांधले, उजवीकडेच. कुलूप लावलं, किल्ली पदराला बांधली.

सकाळी शटर वर केलं तर एकूण एक डब्यावरचा बो डावा होता. चॉकलेटवालीचं नाव सगळीकडे टोकांखाली गेलेलं. ओळीने, नेटके, देखणे बो. धाकटीला असे कधी जमले नव्हते.

"ही कसली थट्टा?" ती दादावर ओरडली. "मी फसावं म्हणून रात्रीत हे केलंस?"

"वेडी आहेस का? किल्ली तुझ्याकडे!" दादा म्हणाला. एक डबा जवळ घेऊन त्याने बो सोडला आणि आपल्या थोराड हातांनी परत बांधायला गेला. त्याला बुटाची नाडीसुद्धा धड बांधता यायची नाही. पण बो झाला. सुरेख, डावा. दादाने हात असे मागे घेतले, जणू चटका बसला.

"हा आईचा आहे," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बंद कर हे. माल परत पाठव, जाळ, काहीही कर. दुकान देऊन टाकू. मला इथे पाय ठेवायचा नाही."

"ऑर्डर फसली तर शटर खाली, असं ठरलंय. अजून फसलेली नाही."

"अगं, तुला भीती वाटत नाही?"

"वाटते ना! म्हणून काय दुकान सोडू? ती जिवंत असताना सोडून दिलं नाही मी, रोज तिच्या तावडीतून बो ओढून घेत होते. आता सोडू?"

दादा पायरीवर जाऊन बसला. चॉकलेटवालीची गाडी दुपारी यायची होती.

धाकटीने एक बो सोडला, उजवा बांधला, नजर न हटवता धरून ठेवला. बोट काढलं की साटीन उलटायचं. पुन्हा बांधला. पुन्हा उलटला. तिची बोटं लाल झाली, डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. एजंटचं हसणं तिला आठवलं. सगळ्यात काय काय येतं?

माल बिचारा नमुन्यासारखा वागत होता. मग मालाशी भांडून काय उपयोग?

तिने खण उघडला. आईचा उरलेला अर्धा तुकडा तिथे होता, इस्त्री केलेला. त्याच्यावरची चुणी परत आली होती.

तिने तो एका छोट्या रिकाम्या डब्याभोवती घेतला.

"आई, हात काढ."

तुकडा डावीकडे ओढला गेला. या खेपेला सावकाश नाही, हिसक्याने. धाकटीने उजवीकडे ओढला. काळी किनार तिच्या बोटात रुतली.

"नमुना तुझा होता. दुकान माझं आहे."

रिबीन ताणली गेली, टेबलाच्या कडेपर्यंत.

"नाही सोडणार. कितीही ओढ."

दादा पायरीवरून वळून बघत होता.

मग ओढ थांबली. एकाएकी, समोरच्याने हात सोडल्यासारखी. धाकटीने गाठ मारली, टोकं उजवीकडे सोडली आणि श्वास रोखून उभी राहिली. बो हलला नाही.

पुढचे डबे झपाट्याने झाले. प्रत्येक बो उजवा पडला आणि तसाच राहिला. दादा उठून आला, डबे पुढे सरकवू लागला. गाडी आली, डबे चढले, चॉकलेटवालीचं नाव प्रत्येक झाकणावर लख्ख दिसत होतं.

"जिंकलीस बाई," दादा म्हणाला. त्याने मोबाइलवाल्याला तिथूनच फोन लावून नाही म्हणून सांगितलं. धाकटी खुर्चीत बसून हसली आणि मग थोडी रडली.

संध्याकाळ व्हायच्या आत चॉकलेटवालीचा फोन आला.

"फार सुंदर झालंय हो काम. फक्त एक विचारायचं होतं. गाठी ओल्या कशा? सगळ्याच. मधोमध, अंगठ्याएवढ्या."

धाकटीने आपल्या हाताकडे पाहिलं. बोटं कोरडी होती, सोललेली.

"आमच्या दुकानाची पद्धत आहे ती," ती म्हणाली. "त्याने गाठ हलत नाही."

फोन ठेवून तिने टेबलावरचा रिकामा डबा जवळ ओढला. तिचा बो जसाच्या तसा होता, उजवा. तिने गाठीवर बोट ठेवलं. गाठ ओली होती, आणि कोमट.