डाव्या स्टेअरिंगची जीप

धरणगावच्या पारसमल शेठच्या गोदामामागे लिंबाखाली एक जुनी विलीज जीप सडत पडली होती. लीलाधर भाऊ तिथे गेले होते मशीनचा पट्टा आणायला. जळगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ते फिटर होते, आणि पट्टा तुटल्यामुळे काम अडलं होतं. पट्टा त्यांनी घेतला, नाही असं नाही. पण संध्याकाळी ट्रकला दोर बांधून ती जीपही त्यांच्यामागे मेहरूणला घरी आली.

सुनंदाबाई दारात येऊन बघत राहिल्या. टप नाही, सीट नाही, बॉनेटवर कोंबड्यांची घाण.

"हे काय आणलं?"

"गाडी."

"कुठंय?"

लीलाधर भाऊ हसले नाहीत. एरवी हसले असते. "या आखाजीला कुंदाला हिच्यात बसवून आणणार आहे," एवढंच म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. मग सुनंदाबाईंनीही बादली आणून बॉनेटवरची घाण धुवायला घेतली.

आता बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्या खानदेशात दिवाळीला लेक नाही आली तर माणूस एक वेळ समजून घेईल, पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिला आणायला मुराळी गेलाच पाहिजे. भाऊ जातो, नाहीतर बाप जातो. अंगणात झोका बांधलेला असतो, आमरस असतो, गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर पुजलेली असते. कुंदा एकुलती एक, अमळनेरजवळच्या गावात दिलेली. मागच्या आखाजीला लीलाधर भाऊ एसटीनं गेले, तर विहीणबाईंनी ओट्यावरच सांगितलं, "व्याही, आमच्या सुनेला या उन्हात स्टँडवर उभी करायची नाही मला. गाडी आणा आणि खुशाल न्या." कुंदा दाराआड पिशवी हातात घेऊन उभी होती. त्याच्या आदल्या वर्षीही असलंच काही निघालं होतं. पोरीनं ती पिशवी खाली ठेवली तेवढं मात्र त्यांना आयुष्यात विसरता येईना.

तर अख्खा हिवाळा त्या जीपमध्ये गेला. कामावरून आले की चहा घ्यायचा आणि अंगणात. रॉकेलनं चासी धुतली, गंज खरवडला, सडलेला पत्रा कापून नवा बसवला. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं घातलं. हिलाल मिस्त्री हातगाडीवर गॅसचे सिलिंडर घालून वेल्डिंगला यायचा. मग आला स्टेअरिंगचा प्रश्न. लष्कराच्या लिलावातली गाडी, स्टेअरिंग डावीकडे.

"उजवीकडे घ्यायचं," लीलाधर भाऊ म्हणाले. "नाहीतर पुढचा ट्रक ओलांडताना दर वेळी शेजारच्याला विचारावं लागेल, बाबा रे, समोरून काही येतंय का?"

स्टेअरिंग उजवीकडे आलं. क्लच, ब्रेक सगळं उजवीकडे आलं. डावीकडे जिथून जुने पेडल वर यायचे, तिथली भोकं हिलालनं पत्रा लावून बुजवली. वरून हिरवा रंग मारला, दोन्हीकडे रेक्झिनच्या सीट बसवल्या. गाडी अशी दिसायला लागली की गल्लीतली माणसं मुद्दाम त्या बाजूनं जायची.

पहिल्यांदा हिलाललाच ते दिसलं. "भाऊ, आठे कोनी पाय दिधा का?"

डावीकडच्या नव्या पत्र्यावर, बरोबर जुन्या ब्रेकच्या जागी, चपलेच्या तळव्याएवढा भाग खोल गेला होता. पत्रा पातळ असेल म्हणून लीलाधर भाऊंनी खालून हातोडीनं ठोकून सरळ केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा खोल. मग जाड पत्रा लावला. तोही बसला. आणि नुसता बसला नाही, तेवढ्या जागेचा नवाकोरा रंग घासून आतलं लोखंड चकाकायला लागलं.

तेव्हापासून त्यांचा जीव ठिकाणावर राहीना. जेवता जेवता उठायचे, उष्ट्या हातानंच अंगणात जाऊन अंगठ्यानं तो खड्डा चाचपायचे. कामावर मशीन सुरू असलं की त्यांना वाटायचं, आपण इथे आणि तिथे गाडीत कोणी बसलंय. दुपारी सुट्टीत सायकल मारत मेहरूणला येऊन बघून जायचे. कोणी नसायचं. ऊन असायचं, आणि तापलेल्या रेक्झिनचा वास. पण गाडी डिझेलची झाली होती तरी डाव्या सीटपाशी वाकलं की नाकात पेट्रोल जायचं.

चैत्र संपत आला तेव्हा त्यांनी गाडी पहिल्यांदा लांब काढली. म्हटलं, अमळनेरच्या रस्त्यावर एकदा पळवून बघू. रस्ता उन्हानं नुसता पांढरा झाला होता. चिटपाखरू नव्हतं. धरणगाव मागे पडलं, गाडी मजेत चालली होती, आणि पुढे एक बाभळीचा फाटा लागला तिथे... गाडी थांबली.

बंद पडली नाही हो. थांबली. कोणीतरी सावकाश, सरावानं ब्रेक दाबत आणावा तशी. लीलाधर भाऊंचा पाय ब्रेकवर नव्हताच. त्यांनी खाली बघितलं. त्यांचा ब्रेक आपोआप खाली गेला होता. त्यांनी बुटाचं टोक घालून तो वर उचलायला बघितलं, हलेना. उतरून चाकं बघितली, ब्रेकची नळी बघितली, तेलाचा एक थेंब गळत नव्हता. पुन्हा बसले, अमळनेरकडे गियर टाकला. गाडी जागची हलेना. शेवटी घाम पुसत त्यांनी स्टेअरिंग फाट्याकडे वळवलं, परत फिरायला जागा मिळावी म्हणून. तर ब्रेक सुटला, आणि गाडी त्या कच्च्या रस्त्याला लोण्यासारखी लागली.

ते घाबरले. सरळ सांगतो, फार घाबरले. कशीबशी गाडी फिरवली आणि धरणगावला थेट पारसमल शेठच्या दुकानापुढे आणून उभी केली.

"शेठ, या जीपचा मालक कोण होता?"

पारसमल शेठनं गिऱ्हाईक संपू दिलं. मग गादीवरून उतरून बाहेर आले. "झुलाल नाना. इथल्याच खेड्यावरचे. लग्न केलं नाही, एकच बहीण. दर आखाजीला तिला घ्यायला याच जीपमधून जायचे. त्या वर्षी ऊन फार होतं. अमळनेरच्या रस्त्याला एक फाटा आहे..."

"बाभळीचा."

"हां. तिथे गाडी थांबवली आणि बसल्या जागी गेले. लू लागली. उतरवायला माणसं गेली तर..." शेठनं आवाज खाली आणला. "ब्रेकवरचा पाय निघेना, भाईसाब. लय ओढला."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंच कुठं? तुम्ही नुसते टायर दाबून बघत होते."

घरी येऊन त्यांनी सुनंदाबाईंना सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं, ही म्हणेल विका ती ब्याद. सुनंदाबाईंनी निवडायच्या गव्हाचं ताट बाजूला सारलं.

"ती बहीण आहे का अजून?"

"असेल. मला काय ठाऊक?"

"मग आधी तिला माहेरी पोचवा. मुराळी वाटेत राहिलाय तो. त्याचं काम झालं की तुम्हाला जाऊ देईल."

"म्हणजे मी आता भुताचा ड्रायव्हर का?"

"नका होऊ. जा एसटीनं, आणि या पुन्हा रिकाम्या हातानं."

आखाजीच्या आदल्या दिवशी गाडीला हळद-कुंकू लावून निघाले तेव्हा सुनंदाबाई जवळ आल्या, हळूच म्हणाल्या, "आणि कुंदाला मागे बसवा. पुढे, डावीकडे नको. ऐकताय ना?"

"ऐकतोय."

फाट्यावर गाडी थांबली. लीलाधर भाऊंनी स्टेअरिंग वळवलं. कच्चा रस्ता एका लहानशा गावात गेला, आणि गावातल्या पहिल्याच घरापुढे ब्रेक पुन्हा लागला. ओट्यावर एक म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती. धुतलेलं लुगडं, कपाळावर मोठं गोंदण. आवाज ऐकताच उठली. लीलाधर भाऊ उजवीकडून उतरत होते, पण तिनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती डावीकडे आली. रिकाम्या सीटपुढे उभी राहिली.

"ऊना का रे भाऊ?" ती म्हणाली. "कितली वाट दखी मी तुनी..."

आतून सून धावत आली, हात जोडायला लागली. "दरसाल अशाच बसतात हो दादा, गाठोडं बांधून. मंजुळा अक्का, चला आत." पण मंजुळाबाई तोवर मागे चढून बसल्याही होत्या. लीलाधर भाऊंनी सुनेला समजावलं, माहेरी नेऊन सोडतो म्हणाले. वाटभर त्या पुढच्या रिकाम्या सीटशी बोलत होत्या, हळू आवाजात, घरचंच काहीबाही. मधून मधून थांबायच्या. ऐकून घेतल्यासारख्या. मग हसायच्या.

लीलाधर भाऊंनी एकदाही डावीकडे मान वळवली नाही.

माहेरचं घर आता चुलतभावांचं होतं. पण माणसं चांगली. म्हातारीला बघून बायका रडायलाच लागल्या. लिंबाला झोका होता. मंजुळाबाई उतरल्या, डावीकडे येऊन तापल्या पत्र्यावर तळवा ठेवला. "जास मी, भाऊ."

टक् करून आवाज झाला, तेलाचा रिकामा डबा फुगतो तसा. लीलाधर भाऊंनी खाली बघितलं. खड्डा गेला होता. पत्रा सपाट.

काय सांगू, त्यांना रडूच आलं! मग गाडी अशी पळवली अमळनेरला की बाभळीचा फाटा कधी गेला ते कळलंसुद्धा नाही. विहीणबाईंच्या दारात हॉर्न गरजेपेक्षा जास्तच वाजवला. सगळी आळी गोळा झाली. गूळ-पाणी झालं, चहा झाला. कुंदा पिशवी घेऊन आली. डोळे भरलेले, तोंडावर हसू. ती मागे चढायला लागली, आणि विहीणबाई बघतायत म्हटल्यावर लीलाधर भाऊंची छाती फुगली. "मागे कशाला? पुढे बस, राणीसारखी!"

सुनंदाबाईंनी काय बजावलं होतं, ते त्या क्षणी डोक्यातून पार निघून गेलं.

कुंदा डावीकडे बसली. फाटा आला, गेला. ती वाऱ्यावर डोळे मिटून होती. थोड्या वेळानं आपणच म्हणाली, "हो, येईन की."

"काय गं?"

"तुम्हीच विचारलं ना आबा? पुढच्या आखाजीला घ्यायला आलो तर येशील ना म्हणून."

लीलाधर भाऊंनी काहीच विचारलं नव्हतं. ऊन लागलं असेल पोरीला, असं त्यांनी मनाला समजावलं आणि गाडी जरा जोरात घेतली.

ती आखाजी फार गोड झाली. कुंदा झोक्यावरून उतरेना. परत सोडायला गेले तेव्हा त्यांनी आठवणीनं तिला मागे बसवलं. पत्रा सपाटच होता. पावसाळाभर सपाट होता. दिवाळीनंतर धरणगावला पारसमल शेठ भेटले, म्हणाले, झुलाल नानांची बहीण वारली.

लीलाधर भाऊ घरी आले ते आधी अंगणात गेले. खड्डा पडला होता. लोखंड चकाकत होतं.

या वेळी त्यांनी ठोकला नाही. चारी चाकं काढली, गाडी विटांवर चढवली, बॅटरी काढून घरात ठेवली, डिझेल उपसून टाकलं. भंगारवाला आखाजीनंतर नेतो म्हणाला. तोवर रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी ते जाऊन खड्डा बघायचे. आहे ना? आहे. मग त्यांना चहा गोड लागायचा. बांधलेलं जनावर दावणीला आहे की नाही बघावं, तसं.

आखाजीचा आदला दिवस उजाडला. कुंदाला आणायला त्यांनी भाड्याची मोटार सांगितली होती. ते अंघोळ करून, टोपी घालून मोटारीची वाट बघत बसले होते, तेवढ्यात शेजारच्या बेबाबाईंनी भिंतीवरून हाक मारली, "सुनंदाबाई, अमळनेरहून फोन शे!" सुनंदाबाईंचे हात पुरणात होते. लीलाधर भाऊच गेले.

त्यांनी रिसीव्हर कानाला लावला, तर विहीणबाई हॅलो म्हणायच्या आधीच सुरू झाल्या. "सुनंदाताई, व्याही रुसलेत का हो आमच्यावर? केव्हाची जीप दारात उभी आहे. गूळ-पाणी घेऊन गेले तरी उतरायला तयार नाहीत. टोपी डोळ्यांवर ओढून बसलेत नुसते."

लीलाधर भाऊंनी रिसीव्हर कानाशी आणखी दाबून धरला.

"बरं, आणि ते स्टेअरिंग पुन्हा डावीकडे कशाला घेतलं हो? गेल्या वर्षी चांगलं उजवीकडे होतं की... हां, कुंदा बसली बघा त्यांच्या शेजारी. निघाली गाडी."

"थांबवा तिला!"

"अं? कोण बोलतंय?" विहीणबाईंनी विचारलं. मग पलीकडे नुसती खरखर आणि फोन तुटला.

लीलाधर भाऊ भिंतीवरून उडी टाकून अंगणात आले. जीप विटांवर होती तशीच उभी होती, बिनचाकांची. ते डाव्या बाजूला गेले, वाकले, आणि त्यांनी हात लावला.

पत्रा सपाट होता.