सोंगाच्या नवरीचं ब्लाउज

"ब्लाउज शिवायचंय."

"कुणाचं?"

"माझं."

उदगीरला मी लेडीज टेलरचं दुकान चालवते, सात वर्षं झाली. बायका आत येतात, बापे माणसं बाहेर मोटारसायकलवर थांबतात. हा सरळ आत आला, वर पिशवीतून मापाचं जुनं ब्लाउजही काढलं.

"हे बाबांचं. मला खांद्यात बसंना."

मी कात्री खाली ठेवली. मग त्यानं नीट सांगितलं. नाव वीरेश, गाव जळकोटकडचं. रंगपंचमीला त्यांच्या गावात सोंगाचं लग्न लागतं. नवरी कायम बाप्याच. बावीस वर्षं वडील, मलप्पा, नवरी व्हायचे. यंदा त्यांचे गुडघे गेले. गावातले बापे फेटा बांधून एकेक समोर बसतात, सरपंचसुद्धा. मुलगी बघायला आल्यावर तिला जे विचारतात तेच नवरी त्यांना विचारते, आणि सगळ्यांना नापसंत करते. पसंत कुणालाच करायचं नाही, अशी रीत. मग रंग सुरू.

टेप त्याच्याच हातात दिली, तर त्यानं उलटी धरली. शेवटी मलाच उठावं लागलं.

"खांदा साडेअठरा... श्वास सोडा की."

"सोडला तर माप चुकंल."

"धरला तर तुम्ही पडाल."

तो हसला — आणि माप चुकलंच.

ट्रायलला आला तेव्हा चौकड्याच्या शर्टावरच ब्लाउज चढवून उभा राहिला. "बाबांचे प्रश्न लई जुने झालेत," म्हणाला. "हल्ली मुलींना काय विचारतात?"

"माझे बघण्याचे अकरा कार्यक्रम झालेत. लिहून घ्या."

चालून दाखव. केस खरेच आहेत का. चष्म्याचा नंबर किती. चप्पल काढून उभी राहा, उंची कळू दे... तिसऱ्या प्रश्नापर्यंत तो हसत होता. मग पेन थांबलं.

"आणि शेवटचा," मी म्हटलं, "दुकान बंद करशील ना? हे नांदेडच्या स्थळानं विचारलं. बाकी सगळं पसंत आहे त्यांना. पाडव्यापर्यंत होकार कळवायचाय. आई म्हणती, जन्मभर का मशीन मारणार हायेस."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी तुमची हुकं लावतीय."

त्यानंतर तो आणखी तीनदा आला. काखेत दाटतंय, म्हणायचा. कुठंच दाटत नव्हतं. तरी मी दर वेळी एक टाका उसवायची आणि परत घालायची. मला तो आवडला होता, पहिल्या ट्रायललाच. पण तो काही बोलेना, आणि पाडवा जवळ येत चालला.

रंगपंचमीला दुकान लवकर बंद करून मी जळकोटची बस धरली. ब्लाउज कसं बसलंय ते बघायला, असं आईला सांगितलं.

ब्लाउज झकास बसलं होतं. वीरेश पदर घेऊन पाटावर, समोर सरपंच. "चालून दाखवा," नवरी बारीक आवाजात म्हणाली. सरपंच चालले. "नापसंत." हलगी वाजली, लोक लोळून हसले. माझेच प्रश्न होते, पण मला हसू येईना.

सरपंचांनी फेटा काढून ठेवला. तो मी उचलला, डोक्यावर घातला आणि समोर जाऊन बसले. हलगी थांबली.

"बाई बसत न्हाई तिथं," मागून कुणीतरी म्हणालं.

खुर्चीवरून मलप्पा बोलले, "मी बाप्या असून बावीस वर्षं नवरी बसलो. बसू द्या तिला."

वीरेशनं पदराआडून मला पाहिलं. चालून दाखव म्हणाला नाही, केसांचं विचारलं नाही. एकदम शेवटचाच प्रश्न विचारला.

"दुकान बंद करशील?"

"न्हाई."

"लग्न झाल्यावर?"

"तवाबी न्हाई."

त्यानं पदर मागं सारला. "पसंत," म्हणाला. नवरीच्या बारीक आवाजात नाही, स्वतःच्या.

सगळे मलप्पांकडं बघायला लागले. ते गुडघा चोळत होते. "रीत मोडली पोरानं," म्हणाले, पण मला उठायला कुणी सांगितलं नाही.

"मला नको का विचारायला?" मी म्हटलं. "आता फेटा माझ्या डोक्यावर हाय. चालून दाखवा."

तो उठला. निऱ्या सावरत चार पावलं चालला, पाचव्याला पाय अडकला आणि हलगीवाल्यावर पडला. पडल्या पडल्या माझ्याकडंच बघत होता.

बसस्टँडवरून मी आईला फोन केला. "नांदेडला नाही म्हणून कळव."

"का गं? कारण काय सांगू?"

"मी पसंत केलाय एक. जळकोटकडचा."

आई म्हणाली, "नीट बघितलास का?"

"बघितला. चालवूनसुद्धा बघितला."