शेवटच्या विजेत्यांचा चषक

"चषक गेला, आणि चोर म्हणून माझ्या बाबांचं नाव घेतायत," दर्शना परब म्हणाली.

शिवाजी पार्कजवळच्या घरात मृणालिनीबाई खासगी तपासाचं काम करत. त्यांचा मदतनीस यशोधन चहात बिस्कीट बुडवून विसरून गेला होता.

श्रमिक चषक ही गिरण्यांच्या फुटबॉल संघांची स्पर्धा. संपानंतर गिरण्या बंद पडल्या, तशी तीही. चांदीचा चषक शेवटच्या विजेत्यांकडे राहिला, लालबागच्या चाळीत, मंडळाच्या लाकडी कपाटात. उद्या तो प्रदर्शनाला जाणार होता. सकाळी कपाट रिकामं निघालं. कुलूप मात्र शाबूत. किल्ली संघाच्या गोलकीपरकडे, म्हणजे दर्शनाच्या वडिलांकडे.

"दुसऱ्या कुणाकडे कधी?" बाईंनी विचारलं.

"काल थोडा वेळ तात्यांकडे, आणि त्याआधी खंडेनवमीलाही. बाबा गावी होते, म्हणून चषकाची पूजा त्यांनी केली. ते कप्तान होते ना. आता तेच पोलिसांत जायचं म्हणतायत. बाबा मान खाली घालून बसलेत."

चाळीत पोहोचल्यावर बाईंनी आधी कपाट पाहिलं. लाल कापडावर झेंडूचा हार गोल पडला होता, सुकून तपकिरी झालेला. खाली एक पाकळीही नव्हती.

"खंडेनवमीचा हार पुढच्या खंडेनवमीपर्यंत ठेवायचा, ही गिरणीतली पद्धत," तात्या म्हणाले.

प्रदर्शन भरवणारा हितेंद्र वैतागला होता. "काल चषक बघायला आलो, तर तात्यांनी कपाट उघडलंच नाही. उद्या बघा म्हणाले."

"हे गेल्यावर उघडलं," तात्या म्हणाले. "हार काढून चषक स्वच्छ पुसला, पुन्हा हार घातला. किल्ली आनंदाला परत दिली."

"दिली," दर्शनाचे वडील, आनंदा, एवढंच बोलले.

"मग झालंच की, शेवटी किल्ली यांच्याकडेच," यशोधन पुटपुटला.

बाईंनी हाराला नुसतं बोट लावलं. दोन फुलांचा भुगा कापडावर सांडला.

"तात्या, काल तुम्ही हा हार काढून परत घातलात? तो अख्खा राहिला कसा? हार काढला तो ताजा असताना, आणि त्यानंतर त्याला कुणाचा हात लागलेला नाही. चषक काल नाही, खंडेनवमीच्या वेळीच गेला. तेव्हा किल्ली तुमच्याकडे होती. काल चषक पाहिल्याचं सांगणारे तुम्ही एकटेच."

तात्या भिंतीला टेकले. "वितळवला," ते म्हणाले. "मुलाचं दुकान बुडत होतं."

दर्शनाला हायसं वाटायला हवं होतं. ती वडिलांकडे बघत राहिली. त्यांना धक्का बसलेला दिसत नव्हता.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"दिवाळीत उदबत्ती लावूक कपाट उघडलंय, बाय. तेव्हाच कळला."

"मग गप्प का बसलात?"

आनंदा तिच्याशी नाही, तात्यांशी बोलले. "कप्तान होतास. तुझं नाव मी कुणाकडे घेतलं नाही. वाटलं होतं, तूही माझं घेणार नाहीस."