शमनीचे थेंब

दहावीचा निकाल लागला की पहिल्या आलेल्या मुलाच्या शेजारच्या चार घरांना सरकारतर्फे शमनीचे थेंब फुकट मिळत, त्या काळातली ही गोष्ट. फळं धरलेल्या झाडालाच लोक दगड मारतात, हे जुन्यांनाही ठाऊक होतं. आता शास्त्राने दगड मारणाऱ्याचं डोकंच थंड करायची सोय केली होती.

रेवती इंगवले ही मल्लखांबातली आशिया विजेती. वर्षभर तिच्यावर निनावी तक्रारी झाल्या, औषधं घेऊन जिंकते असा बोभाटा झाला, आणि शेवटी कुणा नतद्रष्टाने खांबाच्या बोंडाला, म्हणजे माथ्यावरच्या गोट्याला, ग्रीस फासलं. ती पडली, मनगट मोडलं. जागतिक स्पर्धा चार महिन्यांवर आलेली. प्लास्टरमधला हात घेऊन ती डॉ. निनाद केळुसकरांसमोर बसली, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

डॉक्टरांनी तिला समजावलं. हेव्याने माणूस जळतो, हे नुसतं म्हणायला नाही. उपाशी माणसाच्या श्वासाला जसा वास येतो, तसं हेव्याने पेटलेल्याच्या श्वासात एक द्रव्य उतरतं. त्याला त्यांनी दाहक असं नाव दिलं होतं. शमनीचे थेंब पोटात गेले की ते बनायचंच बंद होतं. व्यायामशाळेतल्या प्रत्येकाला त्यांनी नळीत फुंकायला लावलं होतं, आणि सगळ्यांत जास्त दाहक निघालं सुलभाताई खराड्यांच्या श्वासात.

सुलभाताई म्हणजे रेवतीच्या गुरू. आठव्या वर्षापासून त्यांनीच तिला घडवलं, पण कौतुकाचा शब्द म्हणून कधी निघाला नाही. कायम एकच घोष, "मेले, कोपर! कोपर आत घे!" त्यांच्या काळी त्यांच्या गावात खांब मुलग्यांचा, मुलींना फक्त दोरीवरचा मल्लखांब. त्यांना खांबावर कुणी चढूच दिलं नव्हतं. रेवतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुसरं कोण असणार?

"सगळ्यांना थेंब द्या," ती म्हणाली. "ताईंना आधी."

केळुसकर चाचरले. "जळणं आणि बारकाईने निरखणं मेंदूत एकाच चुलीवर शिजतं, रेवतीताई. चूल विझली की दोन्ही थंड. आणि ही चूल पुन्हा पेटत नाही."

"अस्तनीतला निखारा आहे तो. विझू दे."

कायद्याने विजेत्याची सही पुरत असे. तिने ती डाव्या हाताने ठोकली.

थेंब द्यायला माणूस आला तेव्हा ताईंनी रेवतीकडे रोखून पाहिलं. "तुझा हेवा मला वाटतो, हे काय नळीने सांगायला हवं? पण ग्रीस मी फासलं, असं तुला वाटलं?"

रेवतीने त्या माणसाला थेंब द्यायची खूण केली. ताईंनी तोंड उघडलं.

आठवड्याने तन्वी आली. ही रेवतीच्याच संघातली. खुर्चीत बसून, आज नळाला पाणी नाही म्हणावं तशा सुरात म्हणाली, ग्रीस मीच लावलं होतं. तेव्हा फार जळायचे, आता काही वाटत नाही. लाज नाही की पश्चात्ताप नाही. रेवतीने तिला हाताला धरून बाहेर काढलं आणि तशीच ताईंच्या घरी धावली. ताई मेथी निवडत होत्या. ती पाया पडली, रडली. ताईंनी कुणाच्याही लेकराला द्यावा तसा आशीर्वाद दिला आणि असू दे म्हणाल्या.

प्लास्टर निघालं. रेवती खांबावर चढली, बोंडावर तळवे टेकून मयूरासनात आडवी झाली. अंग डावीकडे ओढ घेत होतं. काहीतरी चुकत होतं, काय ते तिला कळेना. तिने उतरून विचारलं.

"छान आहे की," ताई म्हणाल्या.

ती पुन्हा चढली. या वेळी कोपर मुद्दाम बाहेर काढलं, पाच वर्षांच्या पोरालाही दिसेल इतकं. तोल गेला, घसरत खाली आली, दंड सोलवटला. ताई बघत होत्या.

"छान."

रेवतीला संताप आवरेना. पण तो काढायचा कुणावर? तिने दोन्ही मुठी खांबावर आपटल्या आणि ताईंच्या पायाशी बसली.

"ताई, एकदा मेले म्हणा हो मला."

ताईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "असं वाईटसाईट कशाला बोलायचं, बाळा?"