परकोटावरची नक्कल

चंद्रपूरच्या परकोटावर तो वरच्या पायरीवर उभा राहून हात पुढे करत होता, आणि मी… तो धरावा की नाही, या विचारात खालीच अडकले होते.

"या नं. दगडं दवानं ओली आहेत, भिंत नाई पडत पण माणूस पडते," तो हसत म्हणाला.

मी हात धरला.

मी संघप्रिया, चंद्रपूरजवळच्या धानोऱ्याची. पण पुण्याच्या हॉस्टेलात मी 'नागपूरची' होते. पहिल्याच आठवड्यात वर्गात तोंडातून 'मले' निघालं आणि मागचा अख्खा बाक हसला. तेव्हापासून मी इतकी जपून बोलायचे, की गावाचं नावसुद्धा बदलून टाकलं.

दोन मैत्रिणींना ताडोबा पाहायचा होता, म्हणून मी त्यांच्याबरोबर आले होते. सफारी दुपारची होती. सकाळी काय करायचं, तर जुनं शहर. दर रविवारी काही तरुण पाहुण्यांना परकोटावरून फिरवतात, असं हॉटेलात कळलं. हात पुढे करणारा अश्वजित त्यांच्यातलाच. घर भद्रावतीला, नोकरी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात, आणि सुट्टीचा दिवस या दगडांसाठी.

"दरवाज्यावर सिंह दिसून राह्यला? त्याच्या पायाखाली हत्ती. गोंड राजाची निशाणी."

"एवढा मोठा हत्ती सिंहाचं ऐकतो?" मी विचारलं.

"राजानं सांगतलं म्हणल्यावर हत्तीले ऐकाच लागते."

"आणि राणीनं सांगितलं तर?"

"मग राजाले," तो म्हणाला, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. "तुमी कुठच्या?"

"नागपूर," मी म्हणाले. किती सहज!

बुरुजाच्या पायऱ्या उतरताना पायाखालचा दगड हलला. "अगे माय वो! पडून राह्यली नं मी!" मी ओरडले. त्याने झटकन माझं मनगट पकडलं.

मैत्रिणींनी माझ्याकडे पाहिलं. मग एकदम टाळ्या. "काय सेम नक्कल केलीस गं त्याची! परत कर, परत!" एकीने मोबाइल काढला.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं… पण मागचा तो बाक मला पुन्हा ऐकू आला. मी कमरेवर हात ठेवला, त्याच्यासारखी मान तिरकी केली आणि म्हणाले, "मले काऊन इचारता भाऊ? हत्तीले इचारा नं!"

त्या पोट धरून हसल्या. माझं दुसरं मनगट अजून त्याच्या हातात होतं. त्याने ते हळूच सोडलं.

"इथून पुढचा रस्ता चांगला आहे. आपण या," तो म्हणाला. त्यानंतर शेवटच्या दरवाज्यापर्यंत तो पुस्तकातल्यासारखं बोलत राहिला. एकही 'मले' नाही, एकही 'काऊन' नाही. मी खाली पाहत चालले.

आम्ही गोल बाजारात बांगड्या घेईपर्यंत मैत्रिणीने टाकलेला तो व्हिडिओ शेकडो लोकांनी पाहिला होता. वाघ दिसला की नाही, ते मला आठवत नाही. संध्याकाळी बाबांचा फोन आला. "माय, चंद्रपूरले आली म्हणते, मंग घरी काऊन नाई येऊन राह्यली? तुह्या आईनं वाट पाह्यली नं."

मी ज्या बोलण्यावर लोकांना हसवलं होतं, ते माझ्या बापाचं बोलणं होतं. तोंड कुठे लपवावं, कळेना. मैत्रिणींना सगळं सांगितलं. त्या ओशाळल्या, व्हिडिओ लगेच काढला. पण अश्वजितने तो पाहिला असेल तर?

आठवडा घरी काढला. पुढच्या रविवारी पहाटेच्या बसने एकटीच चंद्रपूर गाठलं. तो जटपुरा गेटपाशी पाहुणे मोजत होता.

"मी धानोऱ्याची आहे," मी म्हणाले.

"ठाऊक आहे मले."

"कवापासून?"

"पडता पडता कोणी नक्कल करत नाई."

माझे कान तापले. "मंग तेवाच बोलले काऊन नाई?"

"बाहेरचे हसतात, त्याची सवय आहे मले. पण तुमी तर घरच्या होत्या. तुमी हसवलं… लागलं."

"माफी मागाले आली मी," एवढंच कसंबसं निघालं.

त्याने मोजणी पूर्ण केली. मग म्हणाला, "आज बारा पाहुणे आहेत, सगळे बाहेरचे. राणी हिराईचं तुमी सांगा. आपल्या बोलीत."

राजाच्या समाधीपाशी मी उभी राहिले. "राजा गेला, मंग राणीनं त्याच्यासाठी हे बांधलं. लय जीव होता तिचा त्याच्यावर…" मागे कोणीतरी खुदकन हसलं. पण मी थांबले नाही. हळूहळू सगळे गप्प झाले. एक आजी तर पदराने डोळे टिपत होती. अश्वजित दूर भिंतीला टेकून ऐकत होता.

पाहुणे पांगल्यावर तो जवळ आला. "पुढच्या रविवारी येजा."

"पुण्याले कॉलेज आहे माझं."

"मंग मीच येतो पुण्याले… येऊ?"

वर्गातला तो बाक, हॉस्टेल, मैत्रिणी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. तो तिथे येणार, असाच बोलणार, आणि मी त्याच्या शेजारी उभी असणार.

"येजो," मी म्हणाले. "तू येजो."

'तू' ऐकून तो कानापर्यंत लाल झाला, आणि कधीच पांगलेले पाहुणे पुन्हा मोजायला लागला.