तोंड पाहिल्याशिवाय

घरी परतायचे दिवस जवळ आले होते, आणि छोट्या पाद्रींच्या बुटाचा तळ फाटला होता. पाद्री म्हणायचे ते आपलं लोक. मिसरूड फुटून फार काळ लोटला नव्हता बिचाऱ्याला. परक्या मुलखात दोन वर्षं दारोदार हिंडून त्याने देवाच्या चार गोष्टी सांगितल्या. त्या ऐकून कोण किती सुधारलं ते देवच जाणे, हा मात्र पार पिळून निघाला. आता त्याला फार काही नको होतं. आईच्या हातचं गरम जेवण, स्वतःची खाट, आणि बाबांचा आवाज.

तसं हे शेवटचं मागणं मोठंच होतं. गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. ताई फोन त्यांच्या कानाशी धरायची, तेव्हा इकडे नुसता श्वास ऐकू यायचा. "तू ये रे. तुला बघितलं की बोलतील ते," आई म्हणायची. डॉक्टर तसं म्हणत नव्हते. पण आईचं खरं मानायला त्याचं काय जात होतं? त्याच आशेवर तो एकेक दिवस ढकलत होता.

मिशनचा नियम असा, की दारावर जायचं ते जोडीने. एकाने बोलायचं, दुसऱ्याने एक पाऊल मागे, डाव्या अंगाला उभं राहायचं. याचा जोडीदार लंबू काविळीने पिवळा पडला आणि आधीच घरी रवाना झाला. उरलेल्या थोड्या दिवसांसाठी नवा जोडीदार कोण देणार? दुसरा नियम थोरल्या पाद्रींनी अगदी सुरुवातीला सांगितला होता. दारावरून निघताना म्हणायचं वाक्य ठरलेलं होतं : "एकटे असाल तर आमच्याबरोबर चला. आमचं घर ते तुमचं घर." मात्र माणसाचं तोंड पाहिल्याशिवाय ते उच्चारायचं नाही. लंबू आणि हा त्यावर मागाहून पोट धरधरून हसले होते. तोंड पाहिल्याशिवाय काय भिंतीला सांगणार?

त्या दुपारी बूट मोच्याकडे टाकण्याआधी कालव्याकाठची एक चाळवजा इमारत उरकून टाकावी म्हणून तो जिने चढला. काही दारं उघडली, काही उघडलीच नाहीत. शेवटच्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला एक दार किलकिलं होतं. आत अंधार. ओल्या कपड्यांचा आणि नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीचा वास येत होता. त्याने टकटक केली. आत खुर्ची करकरली, पण कुणी पुढे आलं नाही.

पाय ठणकत होते. आत डोकावायचंही त्याच्या जिवावर आलं. दाराच्या चौकटीला डोकं टेकून, डोळे मिटूनच त्याने तोंडपाठ वाक्य म्हणून टाकलं, "एकटे असाल तर आमच्याबरोबर चला. आमचं घर ते तुमचं घर." तो वळला आणि जिना उतरू लागला. आपल्या फाटक्या बुटाचा आवाज जरा जास्तच घुमतोय, असं त्याला वाटलं.

मोच्याने बूट हातात घेतला, उलटा केला आणि याच्या डाव्या खांद्यामागे पाहिलं.

"यांचा नाही का शिवायचा?"

"कुणाचा?"

"अहो, या तुमच्या जोडीदाराचा. अनवाणी हिंडतायत. या फरशीवर पाय गारठतील."

याने मागे पाहिलं. रस्ता रिकामा होता. म्हाताऱ्याची नजर गेली असेल, लंबूची सवय झाली असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. थकलेल्या माणसाला समजूत लवकर पटते. विचार करायचे कष्ट वाचतात ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकिणीने टेबलावर दोन कप ठेवले. बाई मनाची चांगली, पण जीभ तिखट.

"छोटे पाद्री, पाहुणा आणायचा तर आधी सांगावं माणसाने. आणि चहा घेत नाही, बोलत नाही, हे काय वागणं? पहाटे केर काढायला आले तेव्हापासून लंबूच्या खाटेवर बसलाय. भिंतीकडे तोंड करून."

त्याने हातातला कप तसाच खाली ठेवला. तो खोलीत गेला. लंबूची खाट गादी गुंडाळून उघडी ठेवलेली होती. खाटेच्या पट्ट्या मधोमध दबलेल्या होत्या, कुणी बसल्यावर दबतात तशा. त्याने हात लावला. त्या ओल्या होत्या.

त्याने थोरल्या पाद्रींना गाठून सगळं सांगितलं. ते हळूच म्हणाले, "तोंड पाहिलं होतंस?"

"...नाही."

"मी काय सांगितलं होतं?"

"दमलो होतो हो. चुकलं."

"जा, उजेड आहे तोवर जा. दिलेलं आमंत्रण परत घ्यायचं तर ते तोंडावरच घ्यावं लागतं."

तो पुन्हा ते जिने चढला. बोळाच्या टोकाचं दार आता सताड उघडं होतं. खोलीत धूळ आणि एक खुर्ची, बाकी काही नाही. शेजारची बाई कडेवर पोर घेऊन बाहेर आली.

"इथे कोण राहतं?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. आम्ही आलो तेव्हापासून रिकामीच आहे." तिने आवाज उतरवला. "संध्याकाळ झाली की आतून कुणीतरी विचारायचं, घर कुठंय... घर कुठंय... पोरं रडायची हो. पण काल काय झालं कुणास ठाऊक, सगळं चिडीचूप. कुणीतरी घेऊन गेलं वाटतं. देव त्याचं भलं करो."

तो खोलीवर परतला तेव्हा दिवस कलला होता. खाट अजून दबलेलीच होती. तो स्वतःच्या खाटेवर बसला, समोर. तोंडावर बोलायचं तर तोंड हवं. इथे नुसती भिंत होती. त्याला भीती वाटत होती, पण भीतीपेक्षाही थकवा मोठा होता. डोळ्यांत पाणी आलं.

"माझ्याकडे बघ तरी," तो म्हणाला.

पट्ट्या करकरल्या. बस्स, तेवढंच.

"अरे, हे माझं घर नाही रे," तो काकुळतीला आला. "ही भाड्याची खोली आहे. माझं घर फार लांब आहे. इथे तुला काही मिळायचं नाही... जा."

मेणबत्ती विझल्याचा वास एकदम दाटला. आणि हळूहळू ओसरला.

सकाळी खाट कोरडी होती, पट्ट्या ताठ होत्या. घरमालकिणीने एकच कप ठेवला. "गेला वाटतं तुमचा तो मुखदुर्बळ," ती म्हणाली, आणि हा इतका हसला की तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मोच्याने बूट दिले, याच्या मागे पाहिलंही नाही. त्या रात्री तो मेल्यासारखा झोपला.

पुढे निरोप झाले. थोरल्या पाद्रींनी डोक्यावर हात ठेवला. घरमालकीण तर डोळे पुसता पुसता त्यालाच रागावली. सामान विमानतळावर सोपवून झाल्यावर त्याने घरी फोन लावला.

"आई, निघालो गं."

"ये बाबा, ये लवकर!" आईचा आवाज नुसता फुलला होता. "आणि तुझा सोबती पोचला हो सुखरूप. तूच बोलावलंस ना त्याला? दारावर टकटक झाली, मी चुलीपाशी होते, तिथूनच म्हटलं, या, आपलंच घर आहे. भारी शांत आहे पोरगं. बाबांच्या उशाशी बसलाय."

त्याने फोन कानाशी घट्ट दाबला.

"आई... त्याचं तोंड पाहिलंस?"

"तोंड? म्हणजे काय, पाहिलं की..." ती थांबली. "अगं बाई. सकाळपासून तो भिंतीकडेच... ते जाऊ दे रे, खरी गंमत तर ऐक! बाबा बोलायला लागले! त्याला तूच समजतायत ते. थांब, ऐकवते."

"आई, नको... आई, त्याला बाहेर काढ..."

पण ती चालू लागली होती. पावलं वाजली, आतलं दार वाजलं. मग श्वास ऐकू आला, ओळखीचा, वर्षभर ऐकलेला. आणि त्यामागून बाबांचा आवाज आला, जुना, भरदार, मायेने ओथंबलेला.

"दमलास ना रे बाळा?" बाबा म्हणत होते. "आता कुठे जायचं नाही. बघू... इकडे कर तोंड."

खाट करकरली.