एका ओळीचं काम

मी त्याला जिन्यात अडवलं. वरच्या मजल्यावरचा प्रिंटर दुरुस्त करायला निघाला होता, हातात वायरींचा गुंता.

"सिस्टिमवाले तुम्हीच ना? माझं पेडल चालत नाही."

"सायकलचं?"

"पायाचं!"

रेकॉर्डिंग ऐकून टाइप करणं हे माझं काम. पायाखाली पेडल असतं — दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद. बाकीच्यांची पेडलं जुनी, वायरवाली; माझं नवं, बिनवायरीचं. त्याचा नखाएवढा रिसीव्हर यूएसबीत खोचायचा. पण ऑफिसचे कॉम्प्युटर लिनक्सवर, आणि तो रिसीव्हर वापरायची परवानगी माझ्या लॉगिनला नव्हती. सिस्टिमवाला माझ्या टेबलाशी येऊन वाकला, त्याचा पासवर्ड टाकला, एक कमांड दिली. कानात आवाज सुरू झाला.

"मशीन बंद केलं की परवानगी जाते," तो म्हणाला. "रोज सकाळी… येईन मी."

आला. दोन महिने, रोज साडेनऊला. शर्टाला साबणाचा वास. तो पासवर्ड टाकत असताना कीबोर्डकडे बघायचं नसतं, म्हणून मी त्याच्या कानाकडे बघायचे.

घरी ताई चिडवायची, "रोज येतो? मग दूधवालाच म्हण की!"

मला आवडायला लागला होता. खोटं कशाला बोलू?

मग एका सोमवारी तो रजेवर गेला. पेडल मेलेलं. दुपारपर्यंत मी हात बांधून बसले. तातडीचं रेकॉर्डिंग साहेबांनी दुसरीला दिलं, वर मलाच सगळ्यांसमोर सुनावलं. डोकंच फिरलं. घरी गेले, ताईचा लॅपटॉप ओढला आणि शोधत बसले. कळलं नाही ते तीन-तीनदा वाचलं. शेवटी सापडलं — कॉम्प्युटरमधल्या नियमांच्या फायलीत एक ओळ लिहायची, की मशीनसमोर जो बसलाय त्याला हा रिसीव्हर वापरू द्या. मग रिसीव्हर काढून पुन्हा लावायचा. झालं. कायमचं!

मंगळवारी साडेनऊला मी त्याच्यापुढे कागद धरला.

"ही ओळ तुम्हाला माहीत नव्हती?"

त्याचे कान लाल झाले. "होती."

"कधीपासून?"

"जिन्यापासून."

"लिहा. आत्ता. आणि हॉलमधल्या आठही मशीनवर लिहा, उद्या बाकीच्यांनाही अशी पेडलं येतील."

त्याने निमूट लिहिली. माझा रिसीव्हर काढला, लावला. पेडल चाललं.

"आता निघा," मी म्हणाले.

बुधवारी, गुरुवारी साडेनऊ वाजले आणि गेले. काम झकास झालं, कुणाची वाट बघावी लागली नाही. तरी मान दाराकडे वळायची… आणि मग त्या मानेचाही राग यायचा.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तो आला. हात रिकामे.

"काम काही नाही," तो म्हणाला. "तुम्ही मला आवडता. सांगायची हिंमत नव्हती… म्हणून रोज यायचं निमित्त ठेवलं."

"आणि बोलणी मी खाल्ली!"

"हो. साहेबांना सांगून आलोय आत्ता, की चूक माझी होती."

पुढे 'पण' नाही, 'खरं तर' नाही. सबब न सांगणारा पुरुष मी पहिल्यांदाच बघत होते.

"राग गेलेला नाही माझा."

"माहीत आहे. जाईपर्यंत थांबतो."

"बराच वेळ लागेल."

"मग… बसून थांबू?"

मला हसू आलं. शेजारची खुर्ची मी पायानेच त्याच्याकडे ढकलली.